‘थांब’ म्हणायला एसटीनं यायची ती

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते. फोन सुधीरचा, माझ्या नवऱ्याचा. ‘वहिनी गेली,’ एवढंच म्हणाला. सकाळी अंगण झाडताना खाली बसली, ती उठलीच नाही. गावाकडं बेलापुरात घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. साऱ्या खानदानातल्या लेकरांना वेळेवर दवाखान्यात पोचवणारी बाई, आणि तिच्या स्वतःच्या वेळेला कुणाला काही विचारायचीसुद्धा सवड मिळाली नाही.

दुपारी बेलापूरला पोचलो तर दारात ही गर्दी. आणि सगळ्यात जास्त रडत कोण होतं? पोरं. म्हणजे आता पोरं कसली, दाढ्या-मिशा फुटलेले, नोकऱ्यांना लागलेले पुतणे आणि भाचे. एक जण तर पुण्याहून गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच घेऊन आलेला. आमची लेक सई, अठरा वर्षांची घोडी, शालनताईच्या पायाशी बसून हमसून हमसून रडत होती. आणि मी काय करत होते? सांगायला लाज वाटते पण सांगते. मी मनात म्हणत होते, माझ्या वेळेला यातलं कोण एवढं रडणार आहे? मेलेल्या माणसाचा हेवा करत होते मी, तिच्या उशाशी उभी राहून! सवयच तशी लागली होती, वीस-एकवीस वर्षांची.

शालनताई माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला कायम ‘अहो ताई’ म्हणायचे, मनात मात्र एकेरी. आता ती गेल्यावर खोटं कशाला लिहू, इथंही एकेरीच लिहिते. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा ती चाळिशीला टेकलेली होती. आठवीपर्यंत शिकलेली, अंगानं रोड, आवाज मात्र खणखणीत. सासूबाई असल्या तरी घर तिच्या शब्दावर चालायचं. सुधीर तर तिच्याच हाताखाली वाढलेला, दहावीपर्यंत त्याचा डबा तीच भरायची. घरातली झाडून सगळी पोरं तिला ‘मोठी आई’ म्हणायची. आमच्याकडं थोरल्या काकूला म्हणतातच तसं, त्यात नवल काही नाही. पण माझी सई बोलायला लागली आणि तिनंही ‘मोठी आई’ म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला, मग मी कोण? छोटी?

आमच्या घराण्यात एक रीत होती. कुठल्याही घरात लेकरू आजारी पडलं की पहिला फोन दवाखान्यात नाही, बेलापूरला. ताप किती, हे तापमापी बघून ठरायचं नाही, शालनताईनं ठरवायचं. ती फोनवर चार प्रश्न विचारायची. पाणी पितंय का? लघवी कधी केली शेवटची? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? खेळणं पुढं धरलं तर बघतंय का? उत्तरं ऐकायची आणि मग दोनांतलं एक सांगायची... ‘निघा’ नाहीतर ‘थांबा’. ‘निघा’ म्हणाली की जेवत्या ताटावरून माणसं उठायची. कुठं शिकली हे सगळं? तर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून. नणंदांची, दिरांची, शेजाऱ्यांची पोरं घेऊन ती इतक्यांदा तिथं बसली होती की सिस्टर लोक तिच्या देखत एकमेकींशी काय बोलतात, डॉक्टर आधी कशाला हात लावतात, हे तिनं टिपून ठेवलं होतं.

आणि मी? मी बी.एस्सी. बी.एड. सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. शरीराच्या झाडून सगळ्या संस्था मी फळ्यावर रंगीत खडूनं काढते. शहरात, सावेडीत राहते, जिथं घरापासून चालत जाता येतील असे लहान मुलांचे तीन दवाखाने आहेत. असं असताना माझ्या पोरीला दवाखान्यात न्यायचं का नाही हे बेलापूरच्या आठवी पास बाईनं सांगायचं? तिळपापड व्हायचा माझा.

सई दहा महिन्यांची असताना पहिल्यांदा मोठा ताप आला. रविवार होता. लेकरं आजारी पडायची ती रविवारी नाहीतर दुपारी एक ते पाचच्या मध्ये, दवाखान्याचं शटर खाली असतानाच, हे कुणाही आईला विचारा. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात चोवीस तास डॉक्टर असतात, तिथं जाऊ. सुधीर पोरीला दुपट्यात गुंडाळून गाडीत बसला आणि गाडी सरळ राहुरीच्या रस्त्याला लावली. मी विचारते, अहो कुठं? तर म्हणे, ‘वहिनीकडं. ती बघेल.’ तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन हा माणूस शहरातून खेड्याकडं निघाला होता, दीड तासाच्या रस्त्याला! विळद घाट उतरल्यावर त्यानं कौतुकानं वहिनीला फोन लावला, निघालोय म्हणून. फोन स्पीकरवर होता.

‘आवं भाऊजी, तुमी येडे हाय का काय?’ ती कडाडली. ‘घराम्होरं दवाखाने सोडून लेकरू घिऊन इकडं कशापायी निघाले? मी काय डाक्टर हाय? वळवा गाडी!’

गाडी वळली. मला वाटलं, चला, एकदाचं माझं बरोबर ठरलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध लिहून दिलं, व्हायरल आहे म्हणाले, घरी लक्ष ठेवा. आम्ही घरी आलो, आणि बघते तर दिवेलागणीला ही बाई दारात उभी! हातात पिशवी, पिशवीत मऊ भाताचा डबा आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं पातळ. डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय हे सुधीरनं तिला फोन करून कळवलं होतं, आणि ती तशीच मिळेल त्या एसटीत बसली होती.

मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, ‘ताई, काही काळजीचं नाही. कशाला एवढी दगदग केलीत?’

‘आगं, निघा म्हनायचं तर ते फोनवर म्हनलं तरी चालतंय,’ ती पायावर पाणी घेत म्हणाली. ‘तिकडं डाक्टर असतोच बघायला. पर थांबा म्हनायचं असंल तर आपुन तिथं जाऊन बसावं. नुसतं म्हनून मोकळं व्हायचं न्हाई.’

तेव्हा मला ते शहाणपण वाटलं नाही, लुडबुड वाटली. पण खरंच ती तशी वागायची. जिथं जिथं तिनं ‘थांबा’ म्हटलं तिथं तिथं ती स्वतः गेली. खर्ड्याला नणंदेच्या घरी, तेवढ्या लांब, दोन गाड्या बदलून गेलेली आहे. जाऊन करायची काय? काही नाही. लेकरापाशी बसायची. दर थोड्या वेळानं घोटभर पाणी पाजायची आणि त्याच्याकडं बघत राहायची. त्यातल्या दोन-तीन वेळा तिनं तिथंच आपला शब्द फिरवला होता, ‘न्हाई, हे काय बरं दिसत न्हाई, उठा’ म्हणून. आपलं आधीचं म्हणणं चुकलं याचं तिला काडीचं वाटायचं नाही. एकदा सासूबाईंनी फ्रिजमधली मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढली, ‘यानंच गुण आला होता’ म्हणत. शालनताईनं ती बाटली त्यांच्यासमोर मोरीत ओतली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मी असं केलं असतं तर मला माहेरी पाठवलं असतं.

दवाखान्यात तर माझी पार शोभा व्हायची. डॉक्टर विचारायचे, ताप कधीपासून? मी ‘काल... नाही, परवा संध्याकाळी’ करेपर्यंत मागून आवाज यायचा, ‘परवा दुपारपासनं. उलट्या तीन. सकाळपासनं लघवी एकदाच, तीबी पिवळी.’ मग डॉक्टर तिच्याकडं बघूनच लिहायचे. एकदा नव्या सिस्टरनं सलाईन लावताना तिलाच विचारलं, ‘तुम्ही आई का?’ माझ्या मांडीवर पोर, आणि आई ती! ‘आई ही काय,’ असं म्हणाली ती, पण मला तेही टोचलं. ते सांगण्याचा मानसुद्धा तिच्याकडंच गेला.

मी काय काय नाही केलं! डिजिटल तापमापी आणली, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणलं, सईच्या आजारपणाची वही घातली. काही उपयोग नाही. अंगात कणकण आली की सई डोळे मिटून म्हणायची, ‘मोठ्या आईला फोन लाव.’ 

आता जे सांगायचं ते सांगते. सई सात वर्षांची होती. पुन्हा रविवारच. सुधीर कामासाठी नाशिकला गेला होता. आदल्या दिवशी आम्ही राहुरीला साखरपुड्याला जाऊन आलो होतो, तिथं पोरीनं जिलेबी हाणली होती. सकाळपासून ती पोट धरून बसली. दोनदा उलटी झाली, थोडा ताप होता. मला वाटलं, खाण्यानंच झालंय. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. नवरा घरात नाही, पोर आजारी, आणि मी एकटी. आता मी बघते, असं वाटलं. पण सईचं आपलं एकच, ‘मोठ्या आईला फोन लाव.’ लावला. नुसता लावायचा म्हणून लावला.

तिनं नेहमीचं सगळं विचारलं. मग म्हणाली, ‘दुखतंय कुठं? बेंबीपाशी का उजव्या अंगाला?’ मी म्हटलं, सगळ्या पोटात. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘तिला एका पायावर उडी माराय लाव. मारतीय का बघ.’

डोकं सणकलं माझं. सोफ्यावर पोर कळवळतेय आणि ही बाई तिला उड्या मारायला सांगतेय! मी विज्ञान शिकवणारी बाई असले अडाणी उद्योग करू? मी जागची हलले नाही. सईला काही सांगितलंही नाही. थोडं थांबून फोनवर म्हटलं, ‘मारली. मारते की.’

खोटं बोलले मी. 

‘मारती? मंग न्हाई तसलं काय,’ तिचा आवाज सैल झाला. ‘थांबू मंग. मी येते दुपारच्या गाडीनं.’

‘नका येऊ ताई,’ मी म्हटलं. ‘मी आहे ना. मी आई आहे तिची. मला कळतं.’

ती म्हणाली, ‘बरं. घोट घोट पानी पाज. जरा जरी वाढलं तर न्ये.’

संध्याकाळी सई वाकून चालायला लागली, मग चालेचना. शेजारच्यांनी गाडी काढली. डॉक्टरांनी पोटाला हात लावून बघितलं, एक पाय उचलायला सांगितला आणि लगेच सर्जनला फोन केला. अपेंडिक्स फुटलं होतं. त्या दुखण्यात लेकराला एका पायावर उडी मारवत नाही, हे मला तिथं कळलं. ते म्हणाले, सकाळी आणायला हवं होतं. 

सकाळी सुधीर नाशिकहून आला, आणि त्याच्या पाठोपाठ शालनताई, तीच पिशवी घेऊन. सईच्या नाकात नळी, हाताला सलाईन. सुधीर माझ्यावर ओरडलाच, ‘दिवसभर घरात काय ठेवलंस तिला? कुणी सांगितलं थांबायला?’

मी म्हटलं, ‘ताईंनी.’

शालनताईनं माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. मला वाटलं, आता म्हणेल, तूच नको म्हणालीस यायला. ती म्हणाली, ‘व्हय भाऊजी. मीच म्हनले थांब. चुकलं माझं.’

त्या क्षणी मला काय वाटलं, लिहू का? आनंद वाटला. माझं लेकरू नाकात नळी घालून पडलेलं आणि मला आतून गोड वाटलं, की चुकली एकदाची! सगळ्यांसमोर चुकली! स्वतःचीच किळस यावी असं सुख होतं ते, पण होतं.

सई वाचली, आठ-दहा दिवसांत घरी आली. पण सुधीरनं त्यानंतर वहिनीला कधी काही विचारलं नाही. भांडला नाही, टाकून बोलला नाही. नुसतं विचारणं बंद केलं. आईच्या जागी मानलेल्या बाईला दिवाळीला साडी द्यायचा, पाया पडायचा आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. आणि तिनं काय केलं, तर कुणाचाही फोन आला की म्हणायची, ‘मला नका इचारू. आमच्या वंदनाला इचारा. शिकल्याली हाय ती.’

झाले मग मला फोन सुरू. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. पहिल्या आठवड्यात मी फुगले, आणि पुढं माझी जी गाळण उडाली! कुणाचं लेकरू तीनदा शिंकलं तरी मी ‘जा, आत्ताच्या आत्ता जा’ म्हणायचे. ‘थांबा’ हा शब्द माझ्या तोंडून निघेचना. घरात चेष्टाच सुरू झाली, वंदनाकाकूला फोन म्हणजे थेट अ‍ॅडमिट. अकरा वर्षं मी साध्या सर्दीलासुद्धा माणसं दवाखान्यात पळवली, आणि तिथं बाकड्यावर बघावं तर पिशवी घेऊन शालनताई आधीच येऊन बसलेली. आता तिला कुणी काही विचारत नव्हतं, ती नुसती लेकराकडं बघत बसायची. खरं सांगायला मला अकरा वर्षं होती. दर दिवाळीला ठरवायचे, या वेळेला सुधीरला सांगायचं. नाही सांगितलं. तो परत तिच्याकडं जाईल, हीच भीती. दुसरं काय!

गेल्या रविवारी दुपारी प्राजक्ताचा फोन आला. प्राजक्ता म्हणजे शालनताईची सून, आता केडगावला राहतात ती दोघं. तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब होत होते. ‘काकू, काय करू हो? आई असत्या तर...’ आणि रडायलाच लागली. मी विचारलं, पाणी पितंय का? पितंय. लघवी? आत्ताच केली. तुझ्याकडं बघून हसतंय का? हसतंय, पाय झाडतंय. माझ्या तोंडून अकरा वर्षांत पहिल्यांदा निघालं, ‘थांब. मी येतेय, आल्यावर ठरवू.’

सईनं स्कूटर काढली. मी मागं बसले. मार्केट यार्डाच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ती पुढं बघतच म्हणाली, ‘आई, मी त्या दिवशी उडी मारली नव्हती.’

मी विचारलं, ‘तुला आठवतंय?’

‘मी सोफ्यावर होते ना. सगळं ऐकलं होतं. तू तिला यायला नको म्हणालीस तेपण.’

‘मग बोलली का नाहीस कधी?’

‘मोठ्या आईला सांगितलं होतं की. दवाखान्यातच, नळी काढल्यावर लगेच. तू चहाला खाली गेली होतीस तेव्हा.’ सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. ‘ती म्हणाली, कुनाला सांगायचं न्हाई. बापाला न्हाई, आईला तर बिलकूल न्हाई. तुझ्या दुखन्यानं आधीच लई लागलंय तिच्या जिवाला, म्हणाली. मी शब्द दिला होता तिला.’

प्राजक्ताचं बाळ ठीक होतं. मी चार तास त्याच्यापाशी बसले, चमच्यानं पाणी पाजलं, दवाखान्यात जायची वेळ आली नाही. पण घरी आल्यावर मला राहवेना. सुधीर चहा पीत होता. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, उडीचं, नका येऊ म्हटल्याचं, सगळं. त्यानं कप खाली ठेवला.

मग त्यानं विचारलं, ‘वहिनीला माहीत होतं?’

‘हो. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं तिला.’

‘आणि मी अकरा वर्षं ओट्यावर बसलो,’ तो म्हणाला. मग उठून आतल्या खोलीत गेला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल. हा लेख छापून आल्यावर बेलापूर, राहुरी, खर्डा, सगळीकडं वाचतील, तेही काय बोलायचं ते बोलतील. शालनताई चुकली नव्हती, एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि ते तोंडानं सांगायची माझ्यात हिंमत नाही.

वाटलं होतं, सांगून टाकल्यावर तरी तिचा हेवा जाईल. कुठला जातोय! माझ्या पोटच्या पोरीचं गुपित, तेही माझ्याबद्दलचं, अकरा वर्षं तिच्याकडं होतं. एका शब्दात ती आपला दीर परत मिळवू शकली असती आणि मला सगळ्यांच्या नजरेतून उतरवू शकली असती. दर दिवाळीला मी समोर होते, सुधीर बाहेर ओट्यावर होता, आणि ती मला म्हणायची, ‘वंदना, तू बस, दमली असशील.’ तिच्या जागी मी असते ना, तर दुसऱ्याच दिवशी साऱ्या गावाला सांगितलं असतं.